खाडीपलीकडची विहीर

रविवार मला कधीच आवडला नाही. इंग्रजांनी सुट्टी म्हणून हा वार आमच्या गळ्यात बांधला, पण त्याचं करायचं काय, ते सांगायचं राहून गेलं. त्यांचं बरं असतं. सकाळी प्रार्थनेला जातात, दुपारी बंदूक घेऊन पाणकोंबड्यांच्या मागे लागतात, संध्याकाळी आपापसांत जेवणावळी. आमच्या कचेरीतले कारकून त्या दिवशी जेवून ताणून देत, उठून सोंगट्या मांडत, पोरांकडून पाढे म्हणवून घेत. मला यातलं काहीच नव्हतं. बायको ऐन उमेदीत बाळंतपणात गेली. दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळांनी माझे कान खाल्ले, मी केलं नाही. एकुलती एक मुलगी होती, तिलाही कल्याणला सासरी दिली. मग ठाण्याच्या घरात उरलो मी आणि माझी थोरली विधवा बहीण. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू. अक्काचं सोवळं कडक आणि बोलणं मोजकं. पानावर बसलो की "वाढू?" आणि उठताना "पुरे?" एवढाच आमचा संवाद. घरात कधी भांडण झालं नाही. भांडायलाही जरा बोलावं लागतं.

मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. पुण्याला शिकून आलेलो. रस्ते, मोऱ्या, धर्मशाळा, कचेऱ्यांची कौलं, असली कामं माझ्याकडे असायची. एका उन्हाळ्यात खाडीपलीकडे, कळव्याच्या बाजूला, रस्त्याची पाहणी करायला मला पाठवलं. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी तिथे एक गाव आहे. गावाला तळं आहे, बांधीव घाट आहे. सकाळी मी त्या बाजूने गेलो तेव्हा तळ्याच्या बांधाखाली बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या महारवाड्यातल्या. त्यांना बांधावर चढायची बंदी. वरून कोणी येऊन घागरीत पाणी ओतील तर घ्यायचं, नाहीतर वाट बघायची. हे मला नवीन नव्हतं. ठाण्यातही तेच होतं आणि मी ते रोज बघत होतो. पण संध्याकाळी परतताना पाहतो तो त्याच बायका, त्याच जागी. एकीच्या मांडीवर मूल झोपून गेलं होतं.

मी विचारलं, "अजून पाणी मिळालं नाही?"

"आज पाटलाकडं लगीन हाय," तिच्या शेजारची एक म्हातारी म्हणाली. "समदी तिकडं जेवाया. आमाला घालाया कोन येनार?"

"मग घरी प्याल काय?"

"खाडीच्या अंगाला डबरा हाय. पानी मचूळ हाय, पन वलं हाय."

हे ती हसून म्हणाली. तिच्या त्या हसण्याचा मला संताप आला. मला राग लवकर येतो आणि दया उशिरा येते, हा माझा जन्माचा स्वभाव. माझ्या हातून जी काही बरी कामं झाली ती रागाच्या भरातच झाली. होडीत बसून ठाण्याकडे येताना मी आमच्या सगळ्या थोर परंपरेला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि काठावर उतरलो तेव्हा पुढच्या रविवारी काय करायचं हे ठरलं होतं.

लेव्हल घ्यायची दुर्बीण खात्याची. मी साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "यंत्र घेऊन जा, पण हे सरकारी काम नव्हे, एवढं लक्षात ठेव." मी ते नीट लक्षात ठेवलं, फक्त कोणाला सांगितलं नाही.

त्या हसऱ्या म्हातारीचा नवरा गावाचा तराळ होता. दवंडी पिटणं, सरकारी टपाल पोचवणं, आल्यागेल्या अंमलदाराचं ओझं उचलणं, मेलेलं जनावर ओढून नेणं, हे सगळं त्याच्याकडे. अंगाने काटक, मिशा पांढऱ्या, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरं लावलेली काठी. आगगाडीसाठी डोंगर फोडला तेव्हा तो आणि महारवाड्यातले बरेच जण पहार घेऊन कामाला होते. मी विहिरीचं बोललो तेव्हा तो तीन पायांवर उभ्या असलेल्या दुर्बिणीकडे बराच वेळ बघत राहिला.

"सायेब, ह्यातनं पानी दिसतं?"

"पाणी नाही दिसत. जमीन कुठे उंच, कुठे सखल, ते कळतं."

"ते तर आमी चाललो तरी कळतं," तो म्हणाला. मग काठी बगलेत मारून, "पन चला. तुमी पुढं, आमी मागनं."

पहिली जागा चुकली. ती मीच दाखवली होती. महारवाड्याच्या जवळ म्हणून खालच्या अंगाला खणायला सांगितलं, आणि उधाणाच्या भरतीच्या दिवसांत खड्ड्यात भराभर पाणी चढलं. पोरंटोरं नाचली. म्हाताऱ्याने ओंजळभर तोंडात घेतलं, क्षणभर गाल फुगवून माझ्याकडे बघितलं आणि थुंकून टाकलं. "सायेब, इहीर ऱ्हाऊ द्या. हितं मिठागर काढू." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. माझ्यावर कोणी हसल्याला खूप वर्षं झाली होती, आणि ते मला वाईट वाटलं नाही.

मग मी शहाण्यासारखं काम केलं. उधाणाचं पाणी जास्तीत जास्त कुठवर चढतं त्या खुणा बघितल्या आणि दुर्बिणीने ती पातळी डोंगराच्या पायथ्याशी नेऊन ठेवली. तिच्यावर चांगल्या उंचीवर दोन उंबर होते, ऐन उन्हाळ्यातही हिरवेगार. तिथे खणायचं ठरलं. पाऊस संपला, भाताच्या कापण्या झाल्या आणि कामाला हात घातला. दिवसभर त्या लोकांना गावची वेठ आणि शेतावरची मजुरी असे. म्हणून ते पहाटे खणत आणि रविवारी सगळे एकदम येत. दगड डोंगराचा, चुना खाडीच्या शिंपल्या भाजून केलेला, हात त्यांचे. माझं म्हणून फक्त डोकं होतं, आणि तेही आठवड्यातून एकदा.

एकदा गावचा पाटील घोड्यावरून आला. वरच्या आळीत कुजबूज सुरू झाली होती की महार स्वतःची विहीर काढतायत, मग उद्या कोणाच्या दारात येणार, कोणाची वेठ करणार. पाटलाने मला नमस्कार केला आणि विचारलं, "रावसाहेब, हे सरकारी म्हणायचं का?" मी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "काठी जरा डावीकडे!" असं समोरच्या माणसावर ओरडलो आणि काहीतरी लिहून घेतल्यासारखं केलं. पाटील थोडा वेळ थांबला, माझ्या पगडीकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं आणि घोडा वळवून गेला. सरकार म्हणजे काय हे लोकांनी फारसं पाहिलेलं नसतं. त्याला तीन पाय असतील तरी त्यांना खपतं.

या कामात मला सगळ्यात जड जायची ती दुपार. सूर्य डोक्यावर आला की बायका भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण घेऊन येत, सगळे उंबराखाली बसून जेवत, एकमेकांच्या ताटातलं उचलत, खोड्या काढत. मी दूर आंब्याखाली. अक्काने दुधात भिजवून केलेल्या दशम्या आणि फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी, असा माझा सरंजाम असायचा. मी पुरचुंडी सोडली की ते सगळे आपण होऊन पाठ फिरवून बसत, माझ्या अन्नावर नजर पडू नये म्हणून. त्यांनी हे आदराने केलं, आणि मी ते तसंच घेतलं. पण पाठींच्या त्या रांगेसमोर मी निम्म्या दशम्या तशाच परत बांधून ठेवत असे. घरी एकटा जेवायची मला सवय होती. इतक्या माणसांत एकटं जेवायची नव्हती.

मुरूम गेला, ठिसूळ मांजऱ्या दगड गेला, मग काळा कातळ लागला. तिथे सुरुंगाची भोकं मारावी लागली. पुढचा उन्हाळा तापायला लागला आणि वैशाखात एका रविवारी, दिवस कलला असताना, कातळाच्या चिरेतून पाण्याची धार आली. बोटाएवढी. बघता बघता खालची माती काळी पडली, मग चमकायला लागली. म्हातारा खाली उतरला होता. त्याने ओंजळ भरली, तोंडाला लावली. वर सगळे काठावर वाकलेले. तो थुंकला नाही. त्याने परत ओंजळ भरली, परत प्याला, आणि मग खालून जो ओरडला तो मी शब्दांत लिहू शकत नाही. त्याची बायको वर उभी राहून हसत होती आणि रडत होती.

पोहऱ्याने पाणी वर आलं. पोरांना दिलं, म्हाताऱ्यांना दिलं, बायकांनी नारळ फोडला. उन्हात सबंध दिवस गेला होता, माझा तांब्या केव्हाच संपला होता. पण खरं सांगायचं तर ती तहान नव्हती. त्या हसणाऱ्या, ओरडणाऱ्या, भिजलेल्या माणसांत आपणही असावं असं मला वाटलं. मी पुढे झालो आणि ओंजळ धरली.

म्हातारीच्या हातात पोहरा होता. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो ओल्या अंगाने वर येऊन उभा राहिला होता.

"तुमी न्हाय, सायेब," तो म्हणाला.

"का? माझ्या हाताला काय झालंय?"

"तुमच्या हाताला कायबी न्हाय. पन आज तुमी प्यालात तर उद्या गाव म्हनंल, म्हारांनी बामन बाटवला. त्येंना इहीर बुजवाया निमित्त पायजे. ते आपुन नगं द्याया."

त्याचं बोलणं सोळा आणे खरं होतं. मी ओंजळ सोडली. म्हातारीने पोहरा खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला. मी लवकरच निघालो. घरी आल्यावर अक्काने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी तो घटाघटा प्यालो. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गावाला विहीर बुजवायला निमित्त सापडलं नाही, म्हणून त्यांनी मला गाठलं. खाडीच्या या काठावर बातमी आली की ओव्हरसियर महारवाड्यातलं पाणी पितो. कोणी उठवली, देव जाणे. पण लोकांचा तर्क बिनतोड होता. माणूस दर रविवारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उन्हात उभा राहतो, तो काय वाऱ्यावर जगतो? फिरकीचा तांब्या कोणाच्या लक्षात येत नाही. आधी शेजारच्या घरचं पूजेच्या प्रसादाचं बोलावणं बंद झालं. त्यात अक्काला जायचं नव्हतंच, पण ती चुलीपुढे बसून राहिली. मग श्राद्धाला ब्राह्मण मिळेना. मग ज्ञातीत ग्रामण्य उभं राहिलं, म्हणजे माझ्यावर दोष ठेवून सभेपुढे चौकशी, आणि तोवर आमच्या घरचं पाणी बंद.

मला त्याचं काही वाटलं नसतं. जो मुळातच एकटा जेवतो त्याला पंक्तीतून उठवून काय मिळणार? पण मुलीला दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. कल्याणचे माझे व्याही कर्मठ होते, पण माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलीला त्यांच्या घरात कोणी वाकड्या शब्दाने बोललं नव्हतं. ते स्वतः ठाण्याला आले, बाहेर ओट्यावर उभे राहिले, आत आले नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "सूनबाईंना पाठवायचं माझ्या मनात आहे. पण वाळीत पडलेल्या घरी पाठवून मग परत कशी घेऊ? आणि अक्कांना आमच्याकडे आणू म्हटलं तर त्याही याच घरच्या. तुम्ही सभेत येऊन एकदा निकाल लावा." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "पोर घाबरली आहे. अक्काआत्या जवळ नसली तर मी वाचणार नाही, असं म्हणते."

तिची आई त्यातच गेली होती. अक्काने तिला लहानाची मोठी केली होती. ती घाबरणार नाही तर काय?

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा अक्का माझ्याशी भांडली.

"तू ते पाणी प्यालास?"

"नाही."

"मग सभेत तेवढं म्हण."

"नाही म्हणणार."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे."

"मग खरं बोलायची लाज कधीपासून वाटायला लागली रे तुला?"

मी ओंजळ धरली होती. त्यांनी ती रिकामी ठेवली, तेवढ्यानेच मी सोवळा राहिलो. आता सभेत उभं राहून "छे छे, मी नाही हो प्यालो," असं म्हणायचं, म्हणजे ते पाणी पिण्याजोगं नव्हतं असंच म्हणायचं. ज्याने विहीर काढली त्यानेही तिला तोंड लावलं नाही, हे दुसऱ्या दिवशी त्या गावात गेलं असतं आणि बांधाखाली उभं राहणाऱ्या बायकांना जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी हे अक्काला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं.

"पोरीचं काही बरंवाईट झालं," ती म्हणाली, "तर तुझी ती विहीर घेऊन काय चाटायची आहे?" आणि ती उठून देवघरात गेली.

सभेच्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा अक्का घरात नव्हती. देवाला गेली असेल असं मला वाटलं. मी अंघोळ केली, पगडी घातली आणि एकटाच तळ्याकाठच्या देवळात गेलो. सभामंडप भरलेला होता. सगळे ओळखीचे. कोणाच्या घराचं कौल मी शाकारून दिलेलं, कोणाच्या मुलाला कचेरीत चिकटवलेलं. कोणी वर बघेना. व्याही कल्याणहून आले होते, खांबाला टेकून बसले होते. एका वृद्ध शास्त्र्यांनी विचारलं, "फार बोलायचं कारण नाही. त्या विहिरीचं पाणी तुम्ही प्यालात की नाही, एवढं सांगा."

माझ्याजवळ दोन उत्तरं होती. "नाही" म्हटलं तर मुलगी घरी येणार होती. "दिलं असतं तर प्यालो असतो" म्हटलं तर मी त्या माणसांना तोंड दाखवू शकणार होतो. मी तोंड उघडलं. त्यातलं कोणतं बाहेर पडणार होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

तेवढ्यात बाहेरून घुंगरं वाजली. "जोहार, मायबाप!"

देवळाच्या आवाराबाहेर, रस्त्यावर, उन्हात म्हातारा उभा होता. त्याच्यापासून बरंच अंतर राखून, भिंतीकडे तोंड करून, अक्का. लाल आलवणाला वाटेचा चिखल लागलेला. ज्या बाईने आजवर महाराची सावली अंगावर पडू दिली नव्हती ती पहिल्या होडीने खाडीपलीकडे जाऊन आली होती.

"मी साक्ष द्याया आलोय," म्हातारा म्हणाला.

गलका झाला. महाराची साक्ष ब्राह्मणांच्या सभेत? पण शास्त्रीबुवा जुन्या काळचे होते. ते म्हणाले, "दोन गावांच्या शिवेचा तंटा पडतो तेव्हा कोणाची साक्ष घेतात? बेलभंडारा उचलून महार चालतो, आणि तो चालेल ती शीव. सरकारही ती मानतं. मग ही का मानू नये?" गलका ओसरला. पुजाऱ्याने बेलाचं पान आणि देवाचा भंडारा पत्रावळीवर घातला, पत्रावळ रस्त्यावर ठेवली आणि मागे सरला. ज्याची सावली आवारात चालत नव्हती त्याच्या शब्दावर माझी जात टिकायची होती. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

म्हाताऱ्याने काठी खाली ठेवली, घोंगडी उतरवली, वाकून बेलभंडारा उचलला आणि कपाळाला लावला.

"ह्या सायबानं आमच्या इहिरीचं पानी घेतलं न्हाय. आमी दिलं न्हाय."

मला ओरडावंसं वाटलं. मी मागितलं होतं, तेही सांग! पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

व्याह्यांनी घसा साफ केला. सून पाठवायची तर पुढचाही बंदोबस्त त्यांना हवा होता. "हे झालं आजवरचं. आणि पुढे?"

आता म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघतच बोलला. "पुढंबी देनार न्हाय. सायेब जिता हाय तवर आमच्यातला कोनीबी देनार न्हाय. दिलं तर ह्यो भंडारा मला बघून घेईल."

सभा उठली. मी धावतच रस्त्यावर गेलो.

"बाबा, हे काय केलंस?"

"शीव दावली, सायेब." तो घोंगडी झटकत होता. "तुमची तिकडं, आमची हिकडं. लेकीला घरला आना."

मुलगी आली. बाळंतपण कठीण गेलं. अक्का तिच्या उशापायथ्याशी बसून राहिली, आणि दोघी वाचल्या, ती आणि तिची मुलगी. ते काही महिने आमच्या घरात शेकशेगडीचा, ओव्याच्या धुरीचा, तेलाचा वास होता. रविवारी सुद्धा. अक्का नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना गाणी म्हणायची. तिला गाणी येतात हे मला माहीत नव्हतं. मी सुखी होतो, अगदी मनापासून. मग व्याही न्यायला आले आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

विहिरीचा कठडा बांधायचा राहिला होता, तो त्या हिवाळ्यात पुरा केला. मी चढण चढून आलो की म्हातारी पहिल्यांदा विचारायची, "तांब्या भरून आनलाय न्हवं?" नसला भरलेला तर मला परत पाठवायलाही तिने कमी केलं नसतं. पुढे माझी बदली झाली. खानदेश, मग नगर, मग आणखी कुठे कुठे. पेन्शन घेऊन ठाण्याला परतलो तोवर अक्का गेली होती. म्हातारा गेल्याचंही होडीवाल्याकडून कळलं. मुलीचा संसार भरला होता, तिच्या मुलींचीही लग्नं ठरत होती. आता मला वाळीत टाकून कोणाचं काहीच जाणार नव्हतं. शास्त्रीबुवा नव्हते, व्याही नव्हते. ती सभा अर्धीअधिक स्मशानात होती.

म्हणून मागच्या चैत्रात मी खाडी ओलांडून गेलो, तेव्हा पाणी बरोबर नेलं नाही. विसरलो नव्हतो.

विहीर भरलेली होती. कठड्याला दोराचे वळ पडले होते. एक तरुण सून पाणी शेंदत होती. तिने मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "पोरी, पाणी दे जरा." ती गोंधळली, माझ्या पगडीकडे तिने बघितलं. मी ओंजळ धरली. "दे, काही होत नाही," मी म्हणालो. तिने पोहरा उचलला.

"कोन हाय गं?" उंबराखालून आवाज आला. म्हातारी होती. डोळे गेले होते, अंग वाळून गेलं होतं. पण माझा आवाज तिने ओळखला. "थांब," ती सुनेला म्हणाली. "देऊ नगं."

मी तिच्याजवळ गेलो. सगळं सांगितलं. आता कोणी उरलं नाही, कोणी विचारणार नाही, गावही आता विहीर बुजवायला येत नाही. ती मान हलवत ऐकत राहिली.

"लेक जगली न्हवं?" तिने विचारलं.

"जगली."

"ती त्येच्या शब्दावरच जगली." तिने हाताने चाचपडत जमिनीवर माझ्यासाठी जागा दाखवली, आपल्यापासून दूर. "त्यो जाताना मला म्हनला, सायेब एक दिस येईल. घरचं समदं सरलं की येईल. पानी मागंल. त्यो लई एकला हाय, मागल्याबिगर ऱ्हानार न्हाय. पन मी भंडारा उचललाय, तू देऊ नगंस."

माझ्या घरात जे कोणी कधी ओळखलं नाही ते त्याने ओळखलं होतं, आणि ओळखूनही तो आपला शब्द मागे ठेवून गेला होता. दोर कठड्यावर होता. मी स्वतः शेंदून घेतलं असतं तर त्या दोघींनी मला अडवलं नसतं.

सून पोहरा धरून तशीच उभी होती. तिचे हात भरून आले असावेत.

"ओत परत, पोरी," मी म्हणालो.

तिने ओतला. मी म्हातारीपासून दूर, तिने दाखवलेल्या जागी जाऊन बसलो.